इरविकुळमचे पठार पाहताना : प्रथमच जाणाऱ्यांसाठी

केरळची सहल ठरली की मुन्नार येते आणि मुन्नार आले की कार्यक्रमपत्रिकेत ‘राजमला’ किंवा ‘एराविकुलम नॅशनल पार्क’ अशी एक ओळ असते. बहुतेकांच्या वाट्याला तिथले दीड-दोन तास येतात. बसमधून उतरायचे, चढाच्या वाटेने थोडे चालायचे, ‘त्या शेळ्या’ दिसल्या की फोटो काढायचे आणि पुन्हा चहाच्या मळ्यांकडे वळायचे, एवढ्यात ती ओळ संपते. ज्यांना कोणी अधिक काही सांगितलेले नसते त्यांना यात दोष देता येणार नाही. परंतु हे उद्यान प्राण्यांसाठी जितके पाहावे तितकेच, माझ्या मते थोडे अधिकच, गवतासाठी पाहावे असे आहे. एकदा गवत आणि घळीतले जंगल यांची मांडणी लक्षात आली की प्राणी, पक्षी, फुले आणि झरे कुठे शोधायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून पुढे तारीख ठरवण्यापासून क्रमाने सगळे सांगितले असले, तरी सर्वांत जास्त जागा त्या मांडणीलाच दिली आहे.

नावाविषयी एक खुलासा आधीच केलेला बरा. इंग्रजी पाट्यांवरून आपण ‘एराविकुलम’ म्हणतो, पण मूळ मल्याळम नाव ‘इरविकुळम’ असे आहे आणि मराठीत ‘ळ’ असताना तो सोडून देण्याचे कारण दिसत नाही.

ठिकाणाची ओळख

इरविकुळम राष्ट्रीय उद्यान केरळच्या इडुक्की जिल्ह्यात, देवीकुळम तालुक्यात आहे आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९७ चौरस किलोमीटर आहे. उद्यानाचा मुख्य भाग म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण २,००० मीटर उंचीवरचे, वर-खाली होत गेलेले पठार. त्याच्या दक्षिण अंगाला २,६९५ मीटर उंचीचे आनमुडी शिखर उभे आहे. दक्षिण भारतात याहून उंच शिखर नाही. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे मुन्नार गावच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीला टेकलेले आहे आणि उद्यानाचे पठार त्याच्याही बरेच वर आहे, असा अंदाज मनात ठेवला की तिथली थंडी आणि वारा यांचे आश्चर्य वाटत नाही. ‘आन’ म्हणजे हत्ती आणि ‘मुडी’ म्हणजे माथा. लांबून पाहिले तर त्या गोलसर, भव्य कातळाला हे नाव का मिळाले ते कळते.

हा डोंगरी प्रदेश पूर्वी कण्णन देवन या चहाच्या कंपनीच्या ताब्यात होता. खालच्या उतारांवरचे जंगल तोडून तिथे चहा लावला गेला, पण वरचे थंड पठार मळेवाल्या साहेबांनी शिकारीसाठी राखून ठेवले आणि त्याच्या राखणीला मुत्तुवन या तिथल्या आदिवासी समाजातील माणसे नेमली. शिकारीच्या हौसेतून का होईना, पठार नांगराखाली आणि चहाखाली जाण्यापासून वाचले. केरळ सरकारने १९७१ च्या कायद्याने ही जमीन परत घेतली, १९७५ मध्ये अभयारण्य आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित केले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्याबरोबर इरविकुळमही आहे. तेव्हा मराठी माणूस तिथे जातो तो आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे जातो, परक्या डोंगरात नव्हे.

पर्यटकांना यातला फक्त राजमला हा एक कोपरा खुला आहे. गाभ्याचे पठार आणि आनमुडीचा माथा तुमच्या वाटेवर नाही, आणि याबद्दल हळहळण्यापेक्षा त्यामुळेच राजमलाला पाहण्यासारखे काही उरले आहे हे लक्षात घ्यावे.

तारीख ठरवणे

सर्वांत आधी बंदचा काळ तपासावा. नीलगिरी ताहर या इथल्या रानशेळीसारख्या प्राण्याच्या माद्या थंडीच्या अखेरीस वितात आणि नवजात पिलांना त्रास होऊ नये म्हणून दरवर्षी साधारणपणे फेब्रुवारी आणि मार्चमध्ये उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते. नेमक्या तारखा वनविभाग त्या त्या वर्षी जाहीर करतो. त्या पाहिल्याशिवाय विमानाचे किंवा रेल्वेचे आरक्षण करू नये. होळीच्या सुट्टीला जोडून मुन्नारला जाणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते.

जून ते ऑगस्ट हा नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ आहे. पठार हिरवेगार असते, पण दहा पावलांपलीकडचे दिसेलच असे नाही आणि घाटरस्ते धोक्याचे होतात. ऑगस्ट २०२० मध्ये राजमलाजवळच्या पेट्टिमुडी येथे रात्री दरड कोसळून चहामळ्यातील कामगारांच्या चाळी गाडल्या गेल्या आणि ७० जणांचा बळी गेला. मुसळधार पावसाचा इशारा असताना ‘इतक्या लांब आलो आहोत तर जाऊनच येऊ’ हा हट्ट या डोंगरात करू नये.

सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरतो आणि फुलांचे, विशेषतः तेरड्यांचे, दिवस असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर गाठतो. डिसेंबर आणि जानेवारीत आकाश निरभ्र असते, पहाटे गवतावर दहिवर गोठते आणि दूरवरच्या डोंगररांगा स्पष्ट दिसतात. एप्रिलमध्ये उद्यान उघडल्यावर आईच्या मागे पळणारी कोवळी पिले दिसतात, परंतु शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दीही असते. वनस्पतींची आवड असणाऱ्याने सप्टेंबर आणि इतरांनी नाताळचा आठवडा टाळून डिसेंबर निवडावा, असे मी सुचवेन. लहान मुले बरोबर असतील तर एप्रिल उत्तम.

पोहोचणे, तिकीट आणि पिशवी

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी कोची विमानतळ सोयीचा आहे. रेल्वेने जायचे असल्यास कोकण रेल्वेच्या गाड्यांनी एर्नाकुळम किंवा अलुवा गाठावे. तिथून मुन्नारपर्यंतच्या घाटरस्त्याला चार ते पाच तास धरावेत. केरळ राज्य परिवहनच्या बसगाड्याही जातात. मुन्नारमध्ये मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानात जाणे हाच योग्य क्रम आहे. कोचीहून थेट येऊन दुपारी उद्यान गाठण्याचा बेत बहुधा ढगात विरतो, कारण निरभ्र दिवशीसुद्धा दुपारच्या सुमारास खालच्या दऱ्यांमधून ढग वर सरकू लागतात.

मुन्नारपासून राजमला सुमारे १५ किलोमीटर आहे, मरयूरच्या रस्त्यावर. खासगी वाहने खालच्या नाक्यावर थांबवतात आणि तिथून वनविभागाच्या बसने वर नेतात. तिकीट ऑनलाइन काढता येते आणि सुट्टीच्या दिवशी ते आधी काढलेलेच बरे. सकाळची पहिली वेळ घ्यावी. दहानंतर जाणाऱ्याला ताहर दिसतात, पण ताहरांपेक्षा माणसे अधिक दिसतात.

पिशवीत छत्री नको, कारण पठारावरचा वारा ती टिकू देत नाही. टोपीचा रेनकोट, एक लोकरी थर, पाण्याची पुन्हा भरता येणारी बाटली आणि पकड असलेले बूट पुरेत. इतक्या उंचीवर थंड वाऱ्यात ऊन जाणवत नाही, पण संध्याकाळी गाल भाजल्यावर कळते, म्हणून टोपी घ्यावी. प्लास्टिक आणि खाऊ नेऊ नये. पावसाळ्याच्या आगेमागे जळवा असतात. जी वस्तू बहुतेक लोक नेत नाहीत आणि जी सर्वांत उपयोगी पडते ती म्हणजे दुर्बीण. आठ पट दाखवणारी साधी दुर्बीण घरात दोघांत एक असली तरी चालेल. तिच्याशिवाय समोरच्या उतारावरचा अर्धा मजकूर वाचायचाच राहतो.

गवत आणि शोला

बस चहामळ्यातून वर चढू लागली की उजवी-डावीकडे लक्ष ठेवावे. चहाची कापून सारखी केलेली हिरवळ एका ठिकाणी संपते आणि पिवळसर हिरवे, वाऱ्याने एका बाजूला कललेले गवत सुरू होते. बऱ्याच नवख्यांना हा बदल म्हणजे ‘जंगल संपले, आता उघडा डोंगर’ असा वाटतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. चहा हा माणसाने लावलेला आहे आणि तो उघडा वाटणारा डोंगर हाच इथला मूळ, न मोडलेला निसर्ग आहे.

बसमधून उतरल्यावर लगेच चालू लागू नये. पाच मिनिटे एका जागी उभे राहून समोरचा डोंगर नीट पाहावा. कड्यांवर, उतारांवर आणि सोंडांवर सगळीकडे गवत दिसेल. झाडे मात्र फक्त दोन उतारांच्या मधल्या घळींत, जिथून पाणी वाहते तिथेच, गच्च दाटीवाटीने उभी दिसतील. झाडीची किनार इतकी ठळक असते की कोणी कात्रीने कापून बसवल्यासारखी वाटावी. या घळीतल्या जंगलाला ‘शोला’ म्हणतात. तमिळमधील ‘सोलै’, म्हणजे राई, या शब्दावरून हे नाव आले आहे. आपल्या देवराया जशा उघड्या माळाच्या मध्ये गर्द बेटासारख्या उभ्या असतात, तसेच पहिल्या नजरेला वाटते. फरक हा की देवराईभोवतीचे रान माणसाने तोडलेले असते आणि शोलाभोवतीचे गवत तिथे मुळातूनच आहे.

असे का, याचे एक मोठे कारण थंडी आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उघड्या उतारांवरची उष्णता आकाशात निघून जाते, जमिनीलगतचे तापमान शून्याखाली उतरते आणि तिथे रुजू पाहणारी सदाहरित झाडांची रोपे गोठून मरतात. शोलाच्या छताखाली मात्र ऊब आणि ओल टिकून राहते, म्हणून तिथेच ती रोपे जगतात. त्यात उतारावरची पातळ माती, सतत वाहणारा जोराचा वारा आणि अधूनमधून लागणारे वणवे यांची भर पडते. गवत ही जंगलतोडीनंतरची उरलीसुरली अवस्था आहे, असे पूर्वी अनेकांना वाटे. पर्यावरणशास्त्रज्ञ रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीलगिरी पर्वतातील दलदलींमधल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरांचा अभ्यास करून १९९३ मध्ये दाखवले की, माणसाने कुऱ्हाड चालवण्याच्या कितीतरी आधी, सुमारे वीस हजार वर्षांच्या काळात, या डोंगरांत हवामानाप्रमाणे गवत आणि जंगल यांचे प्रमाण कमी-अधिक होत आले आहे. म्हणून ‘इथे झाडे लावली पाहिजेत’ असे कोणी शेजारी उभे राहून म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणावे. भोवतालच्या डोंगरांत निलगिरी (युकॅलिप्टस) आणि वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) यांची लागवड करून गवताचे जे नुकसान झाले आहे, ते मुन्नारच्या परिसरात फिरताना दिसतेच.

गवताचे काम डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येते. पावसाचे पाणी गवताच्या मुळांत आणि शोलाच्या कुजलेल्या पाचोळ्यात मुरते आणि सावकाश बाहेर पडते. त्यामुळे डिसेंबरमध्येही प्रत्येक घळीतून पाण्याचा आवाज येतो. हे पाणी काही पेरियार आणि चालक्कुडी नद्यांमार्गे अरबी समुद्राकडे आणि काही पांबारमार्गे पूर्वेला कावेरीकडे जाते.

शोलामध्ये शिरता येत नसले तरी वाटेवरून त्याची कड पाहता येते. झाडे ठेंगणी, खोडे वाकडी, फांद्या शेवाळाने आणि आमरींनी (ऑर्किड) लगडलेल्या आणि माथे वाऱ्याने छाटल्यासारखे गोल असतात. यांत जांभळाची, दालचिनीची, रुद्राक्षाची आणि सोनचाफ्याची भावंडे आहेत. कोवळी पालवी तांबडी असल्याने एखादा शोला फुलल्यासारखा वाटतो. लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन मात्र शोलाच्या कडेला किंवा गवतात एकटाही उभा असतो. हिमालयात वाढणाऱ्या झाडाचा हा दक्षिणेकडचा भाऊ इतक्या दूर कसा, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांना फार काळ गुंतवून ठेवणारा ठरला.

वरयाडु

इथला प्रमुख प्राणी नीलगिरी ताहर. तमिळ आणि मल्याळममध्ये त्याला ‘वरयाडु’ म्हणतात, म्हणजे कड्यावरची शेळी. मुन्नारमधील चहामळ्यांचे बहुसंख्य कामगार तमिळभाषक असल्याने हा एक शब्द उच्चारला तरी वाटेवरचे वनरक्षक किंवा मार्गदर्शक उत्साहाने हात दाखवतात. नाव शेळीचे असले तरी जनुकीय अभ्यासानुसार हा प्राणी मेंढ्यांच्या अधिक जवळचा आहे. पूर्वी हिमालयी ताहरबरोबर एकाच प्रजातीत गणला जाणारा हा प्राणी २००५ नंतर ‘नीलगिरीट्रॅगस’ या स्वतंत्र प्रजातीत ठेवला गेला. पश्चिम घाटाच्या केरळ आणि तमिळनाडूतील उंच डोंगरांबाहेर तो जगात कुठेही रानात आढळत नाही. त्याचा सर्वांत मोठा कळप-समूह इरविकुळममध्ये आहे.

कळप दिसल्यावर सगळे एकसारखेच आहेत असे समजून पुढे जाऊ नये. माद्या आणि तरुण नर राखाडी-तपकिरी असतात. पूर्ण वाढलेला नर गडद, जवळजवळ काळपट असतो आणि त्याच्या पाठीवर फिकट रुपेरी पट्टा असतो, जणू खोगीर घातले आहे. शिंगे दोघांनाही असतात आणि मागे वळलेली असतात. समागमाचा हंगाम पावसाळ्यात, गर्भकाळ सुमारे सहा महिने आणि बहुधा एकच पिलू, असे हे गणित फेब्रुवारी-मार्चच्या बंदीपर्यंत येऊन पोहोचते. ताहर गवतात चरतात, पण उभ्या कातळापासून फार लांब जात नाहीत, कारण बिबट्या, रानकुत्री किंवा वाघ आला की त्यांचा एकमेव बचाव म्हणजे दुसऱ्या कोणाला पाय ठेवता येणार नाही अशा कड्यावर जाणे. म्हणून जवळ ताहर दिसत नसतील तर दुर्बीण गवतावर न फिरवता कातळाच्या काठावर फिरवावी.

राजमलाचे ताहर माणसाला बिचकत नाहीत, कधी अगदी वाटेवर येतात. इतर ठिकाणी हाच प्राणी अर्धा किलोमीटर अंतरावरूनही पळ काढतो. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९६९ मध्ये त्याचे निरीक्षण केले आणि ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे क्लिफर्ड राइस यांनी याच डोंगरावर दीर्घ अभ्यास केला. राजमलाच्या ताहरांची ही सलगी म्हणजे पाळीवपणा नव्हे. त्यांना हात लावणे, खायला घालणे, पिलू आणि आई यांच्या मधे उभे राहणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. एखादा ताहर वाट अडवून उभा राहिला तर आपण थांबायचे. वाट त्याची आहे.

हत्ती, गवा, सांबर, वाघ हे सारे उद्यानात आहेत, पण राजमलाच्या वाटेवर ते दिसतील अशी आशा धरून जाऊ नये. पलीकडच्या उतारावर सांबर किंवा शोलाच्या कडेला काळा नीलगिरी लंगूर दिसला तर तो दिवस चांगला म्हणावा. पिवळ्या गळ्याचे नीलगिरी मार्टेन, हे मुंगसासारखे दुर्मिळ जनावर, दिसले तर मात्र त्या दिवशी लॉटरीचे तिकीट काढायलाही हरकत नाही.

लहान गोष्टींसाठी खाली वाकणे

परतीच्या चालीत नजर खाली ठेवावी. रस्त्याच्या ओल्या कडेला तेरड्याच्या अनेक जाती, गवतात जमिनीवरच्या आमरी, आणि पाणी झिरपणाऱ्या जागी कीटक पकडणारा दवबिंदू नावाचा वनस्पतिप्रकार दिसतो. कासला ज्यांनी त्याचे भाऊबंद पाहिले आहेत त्यांना तो ओळखता येईल. गवतात पळून एकदम थांबणारा तपकिरी पक्षी नीलगिरी तीरचिमणी असू शकतो आणि तो फक्त अशाच उंच गवताळ डोंगरांत राहतो. शोलाच्या कडेला काळा-नारिंगी माशीमार खालच्या झुडपांत, गर्द निळा नीलगिरी माशीमार जरा वरच्या फांद्यांवर शोधावा. ओढ्याकाठून माणसाने घातल्यासारखी शीळ आली तर तो आपल्या घाटातलाच शीळकरी कस्तूर. आनमुडीच्या परिसरातून २०१० मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी केशरी-लाल रंगाच्या एका झुडूपबेडकाची नोंद केली. तो तुम्हाला दिसणार नाही, पण पायाखालच्या डोंगरात अजून नवे सापडते एवढे ध्यानात असावे.

नीलकुरिंजी या निळ्या-जांभळ्या फुलांच्या झुडपाविषयी सर्वाधिक विचारणा होते, म्हणून स्पष्ट सांगतो : ती बारा वर्षांतून एकदा फुलते. १९९४, २००६ आणि २०१८ मध्ये इथले उतार निळे-जांभळे झाले होते. आता २०३० मध्ये, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, पुन्हा होतील. २०१८ मध्ये महापुरामुळे मुन्नारचा संपर्क तुटला आणि अनेकांचे बेत फसले, तेव्हा २०३० साठी एकाच तारखेवर विसंबू नये. आपली कारवी हिची सख्खी नातलग, फक्त तिचा फेरा सात-आठ वर्षांचा. मुंबईच्या आसपास ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली होती. कारवीप्रमाणेच कुरिंजीही एकदा फुलून, बी टाकून मरते आणि पुढची पिढी बियांतून उगवते. मधल्या वर्षांत ती गुडघ्याएवढ्या झुडपांच्या रूपाने उतारावर असतेच. वनरक्षकाला विचारून तिची पाने पाहून ठेवावीत. कोणी ‘आत्ताच कुरिंजी फुलली आहे’ म्हणून फुले दाखवली, तर ती बहुधा तिच्या कुळातल्या दुसऱ्या एखाद्या झुडपाची असतात.

दुसऱ्या दिवसाचा उपयोग

वेळ असेल तर त्याच रस्त्याने पुढे मरयूरमार्गे चिन्नार अभयारण्यात जावे. वाटेत लक्कम धबधबा लागतो. उद्यानातून वाहत आलेलेच पाणी तिथे हाताला लागते. मरयूरला चंदनाची नैसर्गिक झाडी आहे आणि चिन्नार पर्जन्यछायेत असल्याने तिथे निवडुंग आणि काटेरी झुडपे आहेत. सकाळी धुक्यात कुडकुडणारा माणूस दुपारी घामाघूम होतो. उघडा डोंगर आणि गवताळ डोंगर यांतला फरक तिथे एका दृष्टिक्षेपात कळतो. परत येताना अंधार पडण्यापूर्वी मुन्नार गाठावे, कारण संध्याकाळनंतर या रस्त्यावर हत्ती उतरतात आणि वळणापलीकडे उभा असलेला हत्ती गाडीच्या दिव्यांत फार उशिरा दिसतो.